कैदेतला भुंगेरा आणि आमचे जावई

आजच्या सभेच्या सन्माननीय अध्यक्षा कलुंडेबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, कितुईच्या मधपाळ संघाचे सभासद, आणि मागच्या बाकांवर जेवणाच्या वासाकडे कान लावून बसलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

आपले मधमाशी अधिकारी मुसेंबीसाहेब यांची समुद्रकाठी बदली झाली. मी संघाचा जुना सभासद, म्हणून चार शब्द बोलायला मला उभं केलं. मी त्यांचा सासराही आहे, हे सांगायला अध्यक्षा विसरल्या. की मुद्दामच विसरल्या?

साहेबांनी आल्या आल्या आपल्याला भुंगेऱ्यांची भीती घातली. काळा भुंगेरा पोळ्यात अंडी घालतो, अळ्या मधात लोळतात, मध आंबून फेसाळतो, माशा घर सोडून जातात. आपण सगळ्यांनी ऐकलं. स्वतः साहेबांनी ऐकलं नसावं. माझ्या लेकीला, कवाताला, मागणी घालायला ते रीतीप्रमाणे स्वतःच्या पेटीतला मध घेऊन आले, आणि झाकण उघडताच तो उतू जाणाऱ्या दुधासारखा वर आला.

मागणीच्या दिवशी वडीलधारे मधाची दारू पितात. माझे थोरले बंधू न्झ्योका वास घेऊन म्हणाले, "पोरगा कामाचा आहे. दारू करूनच आणली." भोपळ्याचे दोन कटोरे रिचवले त्यांनी. तिसऱ्याच्या वेळी त्यांच्या मिशीवरून काहीतरी चालू लागलं.

ज्याला पेटी सांभाळता येत नाही त्याला मुलगी कशी द्यायची? चुकलं का माझं? मी नाही म्हटलं. तरी साहेब पेट्या तपासायला म्हणून येतच राहिले. मी त्यांना झाडाखाली बसवायचो, पाणीसुद्धा विचारायचो नाही. शेळ्यांकडे जाताना कवाताला बजावायचो, की याच्यावर नजर ठेव, घरात घेऊ नकोस.

एकदा साहेब सांगू लागले, की भुंगेऱ्याची पाठ टणक, माशीला नांगी मारता येत नाही. म्हणून माशा त्याला फटीत कोंडतात, भोवती डिंकाची भिंत घालतात आणि पहारा देतात. मग तो उपाशी कसा मरत नाही, असं मी विचारलं. तर म्हणे, तो पहारेकरणीच्या तोंडाशी लाडीगोडी करतो आणि तीच त्याला घास भरवते.

इतकी खुळी माशी माझ्याकडे नाही, असं मी म्हणणार, तोच त्यांच्या शर्टावर मक्याचा दाणा आणि भोपळ्याचा पाला दिसला. कवाताच्या हातची मुथोकोई, सडलेल्या मक्याची उसळ, मी ओळखणार नाही? तेव्हा लक्षात आलं, माझ्या झाडाखाली उपाशी बसून हा माणूस चांगला गुटगुटीत झाला होता.

मी कवाताला हाक मारली. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही पहारा द्यायला सांगितलं होतं. उपाशी ठेवायला नव्हतं सांगितलं."

मी लग्नाला हो म्हटलं. दुसऱ्यांदा आणलेला मध न्झ्योकांनी फडक्यातून गाळून मगच तोंडाला लावला.

मंडळी, अधिकारी जातात, नवे येतात, भुंगेरे कुठे जात नाहीत. पण उद्या कवाताही जाणार, आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही. पोळ्यातला कैदी सुटला तर एकटा पळतो. आमचा पहारेकरणीला घेऊन चालला.

शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही वेडंवाकडं बोललो असेन तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. मुथोकोई कवातानेच केली आहे. आज पहिला घास मला.