पायलटबाईंची सर्दी

...नाही, मी म्हणतो, सर्दी कुणाला होत नाही? तुम्हाला होते, मला होते, आमच्या बालीगंजच्या बिल्डिंगमधल्या घोषबाबूंना तर पूजेला सुरू होते ती होळीला थांबते! पण बोलबाला कुणाच्या सर्दीचा? पायलटबाईंच्या! ऋचा. आमच्या दिलीपची मुलगी. दिलीप म्हणजे बँकेत माझ्या हाताखाली होता हो, व्हाउचरवर सही कुठं करायची ते मी शिकवलं त्याला! दोघंही बदलीवर कोलकात्याला आलो, इथलेच झालो, रिटायर झालो, आणि आता त्याची मुलगी विमान चालवते आणि माझा मुलगा... अजेय... न्यू टाउनच्या कंपनीत आहे, घरनंच काम करतो, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली हाफपँट.

बरं, विमान तरी केवढं? छोटं, पंखेवालं. त्यात ही नवी, शेजारी कॅप्टन बसलेला असतोच. पण आमची कालिंदी, म्हणजे मंडळी आमची, जाईल तिथं एकच, 'किती प्रोफेशनल आहे मुलगी!' ऋचा नऊला झोपते, किती प्रोफेशनल! आणि मी नऊला झोपलो की, 'म्हातारे झालात.' इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिला शाल, श्रीफळ, टाळ्या! मला बँकेनं निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेही मागं पडतं. मी जळत नाही हं! मी आपलं तुम्हाला सांगतो.

तर झालं काय, जमशेदपूरला माझ्या मेव्हण्याची साठी. सकाळी हावड्याला ट्रेनमध्ये बसलं की जेवायला तिथं! पण नाही, कालिंदीचा हट्ट, 'आपल्या ऋचाच्या विमानानं जायचं.' बरं बाई. आदल्या संध्याकाळी दिलीपला आणि ऋचाला जेवायला बोलावलं. ताटावर बसते न बसते तोच, आक्छी! आता खरं तर माझंही नाक सकाळपासनं वाहत होतं, पण मी बोललो का कुणाला? मी उठलो, माझी पेटी आणली. कोलकात्यात राहून ज्याला होमिओपॅथी येत नाही त्यानं इतकी वर्षं केलं काय? अख्खं मंडळ माझे थेंब घेतं! बाटली पुढं केली, म्हटलं, 'घे, जिभेवर टाक.' तर तिनं बाटली नाकाशी नेली, आणि म्हणते कशी, तिचं मराठी इथंच वाढलेलं, 'काका, ह्याच्यात अल्कोहोल असते. आमच्यात नाही चालत. फ्लाइटच्या आधी मशीनमध्ये फुंकायचं असते ना.'

अल्कोहोल! माझ्या घरात! दिलीप हसला. माझ्या हाताखालचा माणूस हसला हो! आणि कालिंदी, 'म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला दारू पाजत होतात?' मी म्हटलं, 'नको घेऊ. अंगावर काढ. आम्ही तापात कॅश क्लोज केलीय, कपाळावर ओली पट्टी आणि हातात नोटा! नाहीतर तुम्ही, शौक म्हणून पायलट झालेले!' तर चिडली नाही, काही नाही. शांतपणे म्हणाली, 'काका, कान बंद झाले तर मी नाही जाणार. खाली येताना कान एवढे दुखतात की डोकं चालत नाही. कॉकपिटमध्ये दोघं असतात, पण दोघं अख्खे पाहिजेत.' आणि ह्यावर कालिंदी काय म्हणाली? बरोब्बर. तेच म्हणाली.

सकाळी दमदमला, विमानतळावर पोचतो तर विमान लेट. कालिंदीच्या फोनवर मेसेज, 'काकू, सॉरी, कान बंद. मी कळवलंय. दुसरे सर येतायत.' घ्या! आम्ही इथं खुर्च्यांवर ताटकळतोय आणि पायलटबाई घरी वाफारा घेतायत! आमचा अजेय ऑफिसला 'आजारी' कळवून दीघ्याच्या समुद्रावरनं फोटो टाकतो तेव्हा कालिंदी त्याला फाडून खाते, आणि ऋचानं कळवलं की... जाऊ दे.

इकडं लोक चिडलेले. 'ओ दादा, पायलट कोथाय?' कुठंय पायलट! काउंटरवरची मुलगी बिचारी एकच वाक्य घोकतेय. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. कारण मला माहीत होतं ना! शेजारी मंकी कॅपवाले एक बाबू होते, मी हळूच त्यांच्या कानाशी लागलो, 'पायलट लडकी है, उसको सर्दी हुआ है.' बस्स, एवढंच! तर बाबू उठले आणि ओरडले, 'शोर्दी? शोर्दी के लिए फ्लाइट लेट? हम लोग बुखार में ऑफिस नहीं गया? ये आजकल का लडकी लोग! शौक का पायलट!'

अहो, माझं वाक्य! ताप माझा, ऑफिस माझं, शौकसुद्धा माझाच! पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि काय झालं कळेना... लागलं हो मला. ही ऋचा शाळेत होती तेव्हा गच्चीवर उभी राहून दमदमकडं जाणारी विमानं बघायची, आणि खाली पडेल म्हणून तिचा फ्रॉक कोण धरून ठेवायचं? दिलीप? तो ओव्हरटाइमला! मी उठलोच. 'ओ मोशाय! शौक? कान बंद होगा तो आपको नीचे कौन लाएगा? दो लोग होता है, दोनों अख्खा होना मांगता! नया नौकरी है, फिर भी खुद होके बोला, मैं फिट नहीं. आप में है हिम्मत?'

 बाबूंनी मंकी कॅप काढली. म्हणाले, 'आपनार मेये?' तुमची मुलगी का? आणि माझ्या तोंडून गेलं हो... 'हॅं. आमार मेये.' बाजूला कालिंदी! मांडीवर डबा उघडा, हातात पुरी, तोंड उघडं!

बाबू एकदम विरघळले. खिशातनं इवलीशी बाटली काढली, 'मेये को देना, शोर्दी खतम.' होमिओपॅथी! माझंच औषध! आणि मी... मी!... वास घेऊन म्हणालो, 'ना ना, इसमें अल्कोहोल है. हमारे में नहीं चलता.' हमारे में!

शेवटी दुसरे सर आले, विमान उडालं. पण माझी सर्दी? ती कुणाच्या गावी नाही! मी आपला तापात कॅश क्लोज करणारा, ऐटीत खिडकीशी बसलो. आणि विमान खाली यायला लागलं तशी कानात जी कळ गेली... आई आई गं! स्वतःचं नाव आठवेना! त्या क्षणी माझ्या हातात विमान दिलं असतं तर मी ते थेट मेव्हण्याच्या मांडवात उतरवलं असतं.

साठीत मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. भटजी दिसत होते, मंत्र नव्हते. कालिंदी मात्र चारचौघींत माझ्याकडं बोट करून काहीतरी सांगत होती, ते ओठांवरनंच कळलं, 'नाक गळत असताना विमानात बसले हो हे! नाहीतर ती ऋचा बघा, किती प्रोफेशनल आहे मुलगी!' ...काय करणार? मी मान डोलावली. साऱ्या दमदमसमोर बाप होऊन बसलोय ना तिचा!