सुभेदार हैबतरावांचं उतरलेलं वजन

मंडळी, मी शाळामास्तर. बोलण्यातच आयुष्य गेलं, पण आज जीभ रेटत नाही. सुभेदारांच्या या शोकसभेत त्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी, समोर बसल्यात. त्यांची लेक शालन सासरहून आलीय. तरी बोलतो, कारण एक गोष्ट माझ्याशिवाय इथं कुणालाच ठाऊक नाही.

सुभेदार हैबतराव पलटणीतून पेन्शनीवर आले तेव्हा वेतासारखे होते. मग घरचं दूधतूप, दिवसभर पारावर बैठक. अंग सुटलं. आपण काय म्हणालो? सुभेदार आता शोभतोय. मीही म्हणालो. आपण दुष्काळ पाहिलेली माणसं. भरलेलं अंग म्हणजे आपल्याला सुख वाटतं.

गेल्या वर्षी त्यांना चक्कर आली. मी सांगलीला नेलं. दंडाला पट्टा बांधून डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब फार आहे. गोळ्या घ्या, मीठ तोडा, वजन उतरवा."

हैबतराव म्हणाले, "सायेब, ह्ये शहरातल्या लोकांचं दुखणं न्हवं?"

"आता खेड्यातूनही येतात. वजन वाढलं की दाब गाव विचारत नाही."

हाडाचा शिपाई. हुकूम पाळला. रोज सकाळी चालणं, अळणी भाजी, एकच भाकरी. दिवाळीपर्यंत सदरा ढगळ झाला. दाबही उतरला. डॉक्टर खूश. गाव मात्र कुजबुजलं. क्षय झालाय म्हणालं.

ती कुजबुज शालनच्या ठरत आलेल्या सोयरिकीपर्यंत गेली. पाहुणे म्हणाले, "बाप खंगत चाललाय. लेकीलाबी तेच असंल तर?"

मध्यस्थ मी होतो. हैबतराव म्हणाले, "मास्तर, डॉक्टरची चिठ्ठी दावू का त्यास्नी?" मी म्हणालो, "चिठ्ठी दाखवली तर दुखणं खरंच आहे म्हणतील. लग्नापुरतं अंग धरा. मग बघू."

त्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "तुमी म्हणताय तर खातो."

त्यांनी खाल्लं. पाहुण्यांना दिसायला नकोत म्हणून गोळ्याही बंद केल्या. लग्न झालं. मांडवात सगळे म्हणाले, सुभेदार बरा झाला. चार महिन्यांनी अंगणात तोंड धुताना ते कोसळले. डोक्यातली शीर फुटली.

शालन, पोरी, तुझ्या लग्नापायी ते गेले असं मनात आणू नकोस. तुला काहीच ठाऊक नव्हतं. मला होतं. वहिनी, माफी मागायला मला तोंड नाही. तरी मागतो.

मंडळी, उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. ह्या माणसाबद्दल आपण फार बोललो.