बारावा खांब

— नाई नाई, टेका ना साहेब, मजबूत आहे — फक्त आत्ताच जवसाचं तेल लावलं याले, शर्टाले डाग पडन, म्हनून म्हनलं. तिकडच्या अकरा खांबायले टेका, थे वाळले. मी? मी लालसू. बाराही खांब मीच कोरले. वर्षातून दोनदा तेल लावाले बोलावतात रिसोर्टवाले. तुमी ऊर्जानगरचे का? वाटलंच, रविवारी तुमच्याच लोकायची गर्दी असते इथी.

असे खांब आमच्याकडे मेलेल्या मानसाच्या नावानं गाडतात — घाबरू नोका, हे तसे नाईत, हे शोभेचे. मेलेल्याले जे आवडे थे त्याच्या खांबावर कोरतात. शोभेच्यावर आपला मोर नाईतर वाघ — पाहुन्यायले वाघच लागते. पोट चालते ना. एकट्याचं नाई — माहा साळा बिरजू डेपोतून सागवान आनते, सून दीपाली घासून देते, कोलूचा टेम्पो लागते, त्याच्या घरच्या बाया बांबूचे दिवे विनतात — आठ घरं आहेत साहेब. पहिले हे आठही घरं मिरची तोडाले तेलंगणात जात, दाराले कुलूप. आता गावातच राह्यतात, पोरं शाळेत जातात.

याच्यावर वाघ काऊन नाई? — हो, याच्यावर फणी आहे, मोहाची टोपली आहे, अन हे शेळी. एका कानाची. कोरन्यातली चूक नाई थे, शेळीच तशी होती, कुत्र्यानं कान तोडला तिचा. सोमारी तिले घरात घेऊन झोपे. सोमारी म्हनजे माही बायको. तिले जाऊन तीन वर्षं झाली. ताप आला, डोक्यात गेला.

टेम्पोवाल्याची चूक झाली साहेब. मी चामोर्शीच्या बाजारात, त्यानं बारा मोजून चढवले, त्यात तिचाही चढला. असंच सांगतो मी सगळ्यायले. पन मी कुठी बाजारात होतो — मी तिथीच होतो. बारावा खांब आदल्या दिवशी तडकला, उभाच्या उभा. रिसोर्टवाले म्हनले, बारा पायजेत, नाईतर पुढचं काम दुसऱ्याले. सोमारीचा कोपऱ्यात होता, चार दिवसांनी गाडाचा होता. दीपाली माह्याकडे पाहे, बिरजू पाहे — सोमारीचा सख्खा भाऊ. मंग मीच म्हनलं, चढवा. एका बाजूनं मीच उचलला.

तिच्यासाठी दुसरा कोरला ना. गाडलाही, गावजेवन झालं. पन त्या शेळीले दोन कान निघाले साहेब. हाताले शोभेच्या कामाची सवय पडली, कोरत गेला, गाडल्यावर दिसलं मले. दोन कान. कोनाची शेळी हे?

रडू? नाई येत. पहिले वाटे, येईन. आता येतो, तेल लावतो, जातो.

काढा, फोटो काढा. बाईसाहेबायले बाजूनं उभं करा — थांबा, मी हटतो. हात तेवढा लावू नोका. ओला आहे.