या पत्त्यावर नाही

(व्हरमाँट, मार्च महिना. लोर्ना आणि तिचा नवरा एमरी यांच्या स्वयंपाकघरात बॉस्टनहून आलेली हॅरिएट कागद पसरून बसली आहे.)

हॅरिएट : इथं नाव, इथं घराचा पत्ता. नुसता पोस्टातल्या पेटीचा नंबर चालत नाही.

लोर्ना : आणि मी करायचं काय?

हॅरिएट : आमच्या ट्रस्टच्या नावानं कोर्टाचं काही आलं तर घ्यायचं, मला कळवायचं. बाहेरच्या राज्यातल्या ट्रस्टनं इथं धंदा करायचा तर नोंदणी लागते, आणि इथल्या कुणाचं तरी नाव.

लोर्ना : नऊ वर्षं आमच्या डोंगरावर मेपलचा पाक उकळताय. आज आठवलं?

हॅरिएट : शेजाऱ्यानं आमची चाळीस झाडं तोडली. दावा लावायला गेलो, तर न्यायाधीश म्हणाले, आधी नोंदणी करा.

लोर्ना : म्हणजे तुम्हाला कोर्टात जायचंय, म्हणून.

हॅरिएट : आम्हाला वाटायचं, नुसती जमीन असली तर लागत नाही.

लोर्ना : नुसती जमीन. मग एमरी तुमच्या भट्टीवर काय शेकत बसायचा?

हॅरिएट : हात कसा आहे त्याचा?

लोर्ना : दोन बोटं वळतात. शर्टाची बटणं मी लावते. हळू बोला, आत जागाच आहे तो.

हॅरिएट : लोर्ना, तुमच्या वकिलाची पत्रं...

लोर्ना : त्याच्या हाताच्या भरपाईसाठी तीन समन्स पाठवली. या राज्यात तुमचं घ्यायला कुणी नाही, म्हणून बॉस्टनला. तिन्ही परत आली.

हॅरिएट : माझ्याकडेच आली होती. पाकिटांवर ‘या पत्त्यावर नाही’ असं मीच लिहिलं.

लोर्ना : माहीत आहे. नाताळच्या कार्डावर तेच अक्षर असतं.

हॅरिएट : तरी मला घरात घेतलंस?

लोर्ना : बाहेर बर्फ आहे.

हॅरिएट : राहू दे. मी दुसरं कुणीतरी बघते.

लोर्ना : कोण आहे इथं तुमच्या ओळखीचं?

हॅरिएट : कुणी नाही.

लोर्ना : द्या पेन. हा रकाना कोरा का?

हॅरिएट : धंदा कधी सुरू केला, त्याची तारीख. ‘यंदा’ लिहिणार होते.

लोर्ना : म्हणजे एमरी भाजला त्याच्यानंतरची. तेव्हा इथं तुमचा धंदाच नव्हता, असं.

हॅरिएट : हो.

लोर्ना : मी सही करते. तारीख तुम्ही लिहा.

हॅरिएट : नऊ वर्षांपूर्वीचा मार्च. दिवस आठवत नाही गं.

लोर्ना : एमरीला विचारा. तुमची भट्टी पहिल्यांदा त्यानंच पेटवली होती.