लल्ला तहरांच्या हाताखालची झोप

आदरणीय अध्यक्ष सी बुशाइब, व्यासपीठावर बसलेले पाळणाघर समितीचे सन्माननीय सदस्य, सार्डिनच्या कारखान्यातून हात धुऊन थेट इथे आलेल्या सगळ्या आया, आणि ज्यांना निरोप द्यायला कोणाचंच मन तयार नाही त्या आपल्या लल्ला तहरा,

बोलायला उभा राहिलोय खरा, पण अंगात तीन आठवड्यांचा शीण आहे. दीड वर्षाच्या एका माणसाने पार दमवलंय मला.

मी इथे कसा आलो, हे आपल्या साफी गावात कोणाला ठाऊक नाही? कॉलेज अर्ध्यावर सोडलं, कारण इतिमाद इथे शिकवायला लागली होती. पोरांशी माझं काय देणंघेणं? लल्लांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणाल्या, "जुहैर, तिच्याकडे बघून झालं की जरा इकडेही बघ. ओलं दुपटं घातलंयस लेकराला."

इथे प्रत्येक पाळण्याच्या कठड्याला त्या मुलाच्या आईची न धुतलेली ओढणी बांधतात. कारखान्यातून आलेली ओढणी. वास कसला ते सांगायला हवं का? एकदा इतिमादने नाकावर हात धरला. झालं! मी अकराच्या अकरा ओढण्या ब्लीचच्या पाण्यात बुडवल्या. त्या दुपारी ओढण्या लख्ख, आणि अकरा पोरं टाहो फोडतायत. रकियाचा अनीर तर थांबेचना. मी वैतागून म्हणालो, "दार लावून घ्या हो, रडून रडून थकेल!"

"थकेल की," लल्ला म्हणाल्या. "पण थकणं म्हणजे झोप नव्हे. कॉलेज सोडून आलास तेव्हा थकलाच होतास ना? झोप लागत होती?"

मग त्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन आयांच्या ओढण्या मागून घेऊन आल्या. रकियाने लाजत विचारलं होतं, "लल्ला, आमचा हा वास तुम्हाला चालतो?" तर म्हणे, "मला काय विचारतेस, तुझ्या पोराला विचार!"

असो. मूळ मुद्द्यावर येतो. लल्ला जाणार हे ठरलं, आणि अनीर झोपायचा तो फक्त त्यांच्या हाताखाली. समितीने सांगितलं, निरोपाच्या दिवसापर्यंत दुसऱ्या कोणाजवळ झोपला नाही, तर त्याला ठेवता येणार नाही. रकियाच्या घरी दुसरं कोणी नाही. पोर घरी म्हणजे तिचं काम सुटलं. सी बुशाइब, मी तेव्हा तुमच्या टेबलावर हात आपटला आणि तुमचा चहा तुमच्याच अंगावर सांडला. लल्लांनी मात्र एवढंच विचारलं, "हात मोकळा आहे ना? मग उद्यापासून माझ्याजवळ बस."

पहिला आठवडा अनीरच्या पाठीवर त्यांचा हात, त्यावर माझा. दुसऱ्या आठवड्यात माझा हात पाठीवर, त्यांचा कठड्यावर. तो रडला की उचलायचा, शांत झाला की ठेवायचा.

"परत रडला तर?"

"परत उचलायचा. तुझी कुठे गाडी चुकतेय?"

एका दुपारी चौदा वेळा उचलला, मंडळी! त्याच आठवड्यात इतिमाद लग्न करून टँजियरला गेली. मी कोणाला काही बोललो नव्हतो. पण अनीर दचकून उठला आणि लल्ला म्हणाल्या, "हात रागात आहे तुझा. काढ तो. आधी तू श्वास घे." मी तिथेच, पाळण्याशेजारी रडलो. त्यांनी मलाही दार लावून एकटं सोडलं नाही.

काल लल्ला मुद्दाम बाहेर अंगणात बसल्या. अनीरने कान ओढायला सुरुवात केली, म्हणजे त्याला झोप आली होती. मी पडदा ओढला, त्याला घेतलं. कुरकुरला, थोडं रडला. मी होतोच. पाठीवर हात ठेवला आणि त्याचा श्वास हळूहळू जड झाला.

सांगायला बाहेर धावलो. लल्लांनी विचारलं, "मला शोधलं का रे त्याने?"

"एकदा दाराकडे बघितलं."

"मग?"

"मग झोपला."

"छान झालं," म्हणाल्या. उठल्या, आणि परत बसल्या. बराच वेळ तशाच बसून होत्या. मांडीवर कोणी नव्हतं.

रकिया, मासळीच्या बोटी धक्क्याला लागल्या आणि कारखान्याचा भोंगा झाला की बिनधास्त ये, अनीरला घेऊन ये. समितीने आज सकाळी होकार दिलाय. सी बुशाइब, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. आपण सगळे आलात, शेवटपर्यंत ऐकलंत, तुमचेही आभार. माझा आवाज कुठे चढला असेल, नको ते बोलून गेलो असेन, तर लहान समजून पदरात घ्या.

आणि लल्ला, आज दुपारी तुम्ही झोपा. आम्ही आहोत.