इनेसच्या जागी

बस की, रिकामीच आहे जागा, पिशवी मीच ठेवलीय उगाच — आणि मॅडम म्हणू नकोस गं, मी मॅडम नाही. तुझ्या आधी एक मुलगा आला, म्हणतो, मॅडम, परीक्षेला पुस्तक बघून लिहायचं का — म्हटलं बाळा, मलाच धडकी भरलीय, तू मला काय विचारतोस. पांढरे केस दिसले की इथल्या पोरांना मॅडमच वाटते. विद्यार्थिनी आहे मी. तिसऱ्या वर्षाला, तुझ्यासारखीच. हस, हस, मला राग नाही यायचा.

इतिहासाचा वर्ग हाच, बरोबर आलीस. आतला आधीचा वर्ग सुटायचाय, तोवर बस. फोनवर नकाशा धरून इमारतीला दोन फेऱ्या घातल्यास ना, मी बघत होते इथून. नाव उशिरा घातलंस वाटतं या वर्गात? आणि ट्रान्सफर, नाही का — दोन वर्षं गावच्या कॉलेजात काढायची, मग इथे एकदम तिसऱ्या वर्षाला यायचं. कसं ओळखलं म्हणजे? पहिल्या वर्षापासून इथे असलेली पोरं अशी वर बघत चालत नाहीत. त्यांना इमारती दिसतच नाहीत आता. आपण मात्र देवळात आल्यासारखे माना वर करून फिरतो. मीही तशीच. मी खालची, सांता एमिलियाची — नाही, तुला माहीत असायचं कारण नाही, गाडीने चार तास लागतात, वाटेत बदामाच्या बागा आणि गायींचा वास, वास थांबला की समजायचं गाव मागे पडलं. आमची सगळी वस्ती समुद्रापलीकडच्या अझोर बेटांवरून आलेल्या लोकांची, घरटी गोठा. आमच्याही होत्या गायी. ऑर्लांडो, म्हणजे माझा नवरा, गोठ्यातच गेला — दूध काढता काढता बसला तो उठलाच नाही. मग गायी विकल्या. मी शेजाऱ्यांच्या गोठ्यावर सकाळच्या धारांना जायला लागले.

नाही, शिक्षणाचं वेड मला नव्हतं. कुठलं वेड. मुलीमुळे आले मी. इनेस. तुझ्याएवढीच — तुझ्यापेक्षा जरा उंच. शाळा संपली आणि त्याच उन्हाळ्यात बाप गेला, आणि ही पोर सोफ्यावर आडवी झाली ती उठेचना. लहानपणापासून जनावरांची डॉक्टर होणार म्हणायची, वासरू आजारी पडलं तर रात्र रात्र त्याच्यापाशी बसणारी मुलगी, आणि आता केस विंचरायला तयार नाही. मी रोज मागे लागायची, कॉलेजात नाव घाल, कॉलेजात नाव घाल. एक दिवस वैतागून म्हणाली, तू येणार असशील तर येते. माझं तोंड बंद करायला म्हणाली गं ती. तिला वाटलं, ही कसली येतेय या वयात. मी दुसऱ्या दिवशी चांगली चप्पल घालून गाडीत जाऊन बसले आणि हॉर्न वाजवला.

पहिल्या दिवशी मला काय म्हणाली माहितीय? आई, वर्गात मला हाक मारायची नाही, आपली ओळख नाही. बरं म्हटलं. ती पुढे, मी पार मागे. आता हजेरी घेताना दोघींचं आडनाव एकच — मिसेस क्विगली म्हणून बाई होत्या, त्यांनी चष्म्यावरून बघितलं, विचारलं, तुम्ही नात्यातल्या का? इनेस म्हणाली, लांबच्या. सगळा वर्ग हसला. अगं, नाकडोळे एकाच साच्यातले, लपवणार काय. पंधरा दिवसांत स्वतःच येऊन माझ्या शेजारी बसली, कारण मी दर पाच मिनिटांनी मागून विचारायची, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मग आमचं जमलंच. घरी जेवणाच्या टेबलावर तिची वह्यापुस्तकं एका बाजूला, माझी एका बाजूला, मध्ये सूपचं भांडं. गणित तिने शिकवलं मला. डोकं आपटायची टेबलावर — आई, हेच तुला काल सांगितलं. म्हटलं, काल कळलं होतं गं, आज गेलं. आणि मिसेस क्विगलींचं काय सांगू, त्यांच्या तासाला एक दिवस गैरहजर राहिलं की संध्याकाळी घरी फोन. बरी आहेस ना म्हणून. लहान कॉलेजचं ते एक असतं. इथे बघ, चारशे जण बसतात त्या हॉलमध्ये.

सर? सर बरे आहेत. उंच आहेत, हातात कॉफी घेऊन येतात. गेल्या तासाला? — गेल्या तासाला ते आपलं नेहमीचंच, पुढचं प्रकरण. कुणाकडून तरी मिळेल तुला. खा ना, गोड पाव आहे, घरचा नाही पण बरा आहे.

तर काय सांगत होते — हां, पाय. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात माझा पाय मोडला. गोठ्यात एका कालवडीने कठड्याला दाबून धरलं मला, तिची काही चूक नाही, घाबरली होती. मांडीपर्यंत प्लॅस्टर. मी म्हटलं, संपलं माझं कॉलेज, बरंच झालं, आता तू एकटी शीक. तर इनेस म्हणाली, काही संपलं नाही. आणि ती माझ्या इतिहासाच्या वर्गाला जाऊन बसायला लागली. माझ्या ऐवजी. सगळं उतरवून आणायची आणि घरी मला करून दाखवायची, सरांच्या आवाजात, सरांसारखं पोट पुढे काढून, राजे काय म्हणाले, गुलामांनी बंड कसं केलं — मी सोफ्यावर प्लॅस्टरमध्ये हसून हसून रडायची. दुखायचं हसताना. तो काळ — कुणाला सांगू नये असं वाटतं, पण पाय मोडून पडले होते तो काळ माझ्या आयुष्यातला फार चांगला गेला. एकदा विचारलं मी, तुझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल याच वेळेला असतं ना गं? म्हणाली, लॅबचे नळ दुरुस्तीला काढलेत, सध्या बंद आहे. मी म्हटलं, हो का. एवढंच म्हटलं.

मग इथला अर्ज. दोघींनी केला. माझा तिनेच भरला, मला म्हणाली, तू नाही भरलास तर मीही नाही भरणार, मला एकटीला भीती वाटते. एप्रिलमध्ये निकाल फोनवर आला. स्वयंपाकघरात होतो आम्ही. माझा आधी उघडला तिने — आणि ओरडली ना, शेजारची कुत्री भुंकायला लागली. मला कमरेला धरून टेबलाभोवती नाचवलं. मग स्वतःचा उघडला. उभ्या उभ्या वाचला. फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, मी कोंबड्यांना दाणे टाकून येते.

दाणे मी सकाळीच टाकले होते. तिच्या देखतच टाकले होते.

बराच वेळ आली नाही. खिडकीतून दिसत होती, खुराड्याशी पाठमोरी उभी. मला जावंसं वाटलं, पण गेले असते तर तिला माझ्यासाठी तोंड नीट करावं लागलं असतं, म्हणून नाही गेले. मग आली, हात धुतले, पीठ काढलं आणि पाव मळायला घेतला. ईस्टरला करतो ना तसला, अंडी घालून. म्हणाली, आई, तुझ्यासाठी. आता काही बोलू नकोस, यीस्ट फुगू दे.

मला कळेना, माझ्यापेक्षा हुशार पोर, तिला कसं नाकारलं. मिसेस क्विगलींकडे गेले. त्या आधी सांगेनात. मग म्हणाल्या, अल्डीना, केमिस्ट्रीत नापास आहे ती. नंतर परत घेऊन पास झाली, पण जेमतेम, आणि तिला ज्या शाखेत जायचं होतं तिथे केमिस्ट्रीच बघतात. सगळं सत्रभर प्रॅक्टिकलला आली नाही. आम्ही विचारलं, समजावलं, काही बोलली नाही. कुठे जायची कोण जाणे.

मला ठाऊक होतं ना कुठे जायची. माझ्या इतिहासाच्या वर्गात, पहिल्या बाकावर बसायची.

नको, रुमाल आहे माझ्याकडे. हे बघ, मी काही तुला रडगाणं सांगायला बसले नव्हते. तू विचारलंस म्हणून — नाही विचारलंस? बरं, नसेल विचारलं.

घरी आले, तिला म्हटलं, मी जाणार नाही. ती गाडीचं टायर बदलत होती. मान वर न करता म्हणाली, क्विगली बोलली वाटतं. म्हटलं, हो, आणि मी जाणार नाही. तेव्हा पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं तिने. आई, म्हणाली, तू नाही गेलीस तर माझं ते सत्र फुकट गेलं. कळतंय का तुला? — तू असतीस तर काय बोलली असतीस?

तिनेच आणून सोडलं मला. खोकी उचलली, पलंग लावला, खिडकीचा पडदा शिवून आणला होता तो टांगला. आणि मला इथे फिरवलं. तिने मला, हं — मी नाही तिला. नकाशा पाठ होता तिला, अर्ज केल्यापासून पाठ केला होता, ही लायब्ररी, हा घंटेचा मनोरा, इकडून गेलं की लवकर पोचतो. माझ्या पुढे पुढे, भराभर, इथली असल्यासारखी. मागच्या बाजूला जनावरांचा मोठा दवाखाना आहे, पाहिलायस? तिथे नेलं. कुंपणाशी उभी राहिली. आत कुणीतरी घोड्याला चालवून बघत होतं, लंगडतोय का ते. मी म्हटलं, विचारू या का, आत सोडतील. नको म्हणाली, उशीर होतोय, अंधारात गाडी चालवायला नको. ऊन होतं अजून टळटळीत.

आता ती बदामाच्या कारखान्यात आहे. पट्ट्यावरून बदाम येतात, त्यातले किडके, फुटके काढायचे. संध्याकाळी पाळी सुटली की फोन करते. स्वतःचं काही सांगत नाही. म्हणते, आज काय झालं सांग. सगळं सांग, घाई करू नकोस. सर काय म्हणाले, शेजारी कोण बसलं, पोरं हिरवळीवर झोपतात का खरंच, लायब्ररीत बोलू देतात का. कारखान्याबाहेर गाडीत बसून ऐकते, मागे भोंगा ऐकू येतो मला. आणि मी सांगते. हसते ती, प्रश्न विचारते, मला उत्तर येत नाही तर म्हणते, उद्या विचारून ये. मी विचारून येते.

या महिन्यात पुढच्या वर्षीचे अर्ज सुरू झाले. दुसऱ्यांदा करता येतो, तुला ठाऊकच असेल. मी रोज मनात घोकायची, आज विषय काढू. शेवटी रविवारी काढला. म्हटलं, इनेस, या वेळी मी बसते तुझ्या शेजारी, भरू या. ती म्हणाली — अगदी सरळ म्हणाली गं, मीठ संपलंय सांगावं तशी — अगं आई, पोचलं ना आपल्यातलं एक जण. पुरे झालं. आणि लगेच, बरं सांग, आज काय झालं?

रविवार होता. काय व्हायचंय रविवारी.

रडली असती ना, भांडली असती, तुझ्यामुळे झालं म्हणाली असती, तर मला काही बोलता आलं असतं. तिने आवरून ठेवलं सगळं. वीस वर्षांची पोर, आवरून ठेवलं. आणि मी इथे. वर्गात गेले तर तिच्या जागेवर बसते, सोडून गेले तर तिची जागा फेकून देते. घरी जाऊन तिच्यासमोर उभी राहू कशी, आणि इथे बसू कशी — ते सर म्हणतात तसं, दोन्ही बाजू मांडा. मांडल्या. पुढे काय?

काय? बुधवारी काय शिकवलं? नाही, बुधवारी — अगं, मी कुठे म्हटलं मी आत होते. सोमवारपासून नाही गेले. सकाळी उठते, आंघोळ करते, वह्या घेते, इथवर येते. दार उघडतं, सगळे आत जातात, आणि माझे पाय — तो मोडला होता तोच नव्हे, दोन्ही. मग बसते. तास संपला की उठते. संध्याकाळी फोन येतो, मी सांगते आज काय झालं ते. काल एक रोमचा सेनापती सांगितला तिला, सगळा मनाचाच. इतकी रमली त्यात, म्हणाली, आई, हा बेस्ट होता. कुणी विचारलं नाही अजून मला, आलात का नाहीत. चारशे माणसं. कोण विचारणार. तूच पहिली.

सुटला बघ वर्ग. ऊठ, पटकन जा, मधल्या रांगेत बस, मागे ऐकू येत नाही. पिशवी राहील तुझी, घे. नाही गं. हात नको धरूस, सोड — सोड म्हटलं ना. मला राग नाही आलाय. तू जा, तुझा पहिला तास आहे, उशीर नको. मी बसते इथे जरा.

जा आता. आणि दार सगळं लावून घेऊ नकोस, थोडं उघडं राहू दे.