मुंग्यांनी भरलेला कॉम्प्युटर

...आणि मी म्हणतो, चावायचंच होतं तर एकट्या मला चावायचं ना, त्या बिचाऱ्या यासीनभाईला कशाला? पण मुंग्याच त्या, त्यांना माणूस कुठला कळतो! हा अंगठा बघा, दोन टाके. मानेवर चट्टे. डावी भुवई? जळाली! आणि मी शांत माणूस हो, अख्ख्या जामनगरला विचारा! चाळीस वर्षं पितळेचे नट-बोल्ट विकतोय, गिऱ्हाइकावर कधी आवाज चढवला नाही. जैनाघरचा माणूस मी, पायाखाली मुंगी आली तर एक पाय वर धरून बगळ्यासारखा उभा राहतो!

हे सगळं कुणापायी? आमच्या हेतवीपायी. सहा वर्षांची नात, बडोद्याहून पंधरा दिवस सुट्टीला आलेली. रिक्षातून उतरली, पाया पडली, आणि पहिला प्रश्न, 'दादा, तुमच्याकडे गेम चालतो?' म्हटलं, चालतो की, दुकानात कॉम्प्युटर आहे! तिनं लावला. पंखा दमेकऱ्यासारखा फुरफुरला, पडद्यावर बाण आला आणि आला तो तिथंच मेला. पोरीनं जरा वाट बघितली आणि पिशवी खांद्याला लावली. 'मी नानांकडे जाते. नानांचा नवा आहे.'

नाना म्हणजे आमचे व्याही, प्रवीणचंद्र. दोन गल्ल्या सोडून राहतात, भला माणूस. पण तुम्हाला सांगतो, वर्षाचे पंधरा दिवस मिळते ती पोर, तेही व्याह्यांच्या पदरात घालायचे? छातीत कुणी बोल्ट आवळावा तसं झालं मला. म्हटलं, 'बेटा, उद्या संध्याकाळी ये. हाच कॉम्प्युटर घोड्यासारखा पळवतो!' तर बोट नाचवत म्हणते, 'उद्यापर्यंतच हं!'

आता तुम्ही म्हणाल, नवा घ्या. कसा घेऊ? अठरा दिवाळ्या झाल्या, चोपडापूजनाला वह्यांच्या जागी त्याचीच पूजा करतो आम्ही! डोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक, अक्षता, गुळाचा खडा. लक्ष्मी बसलेली वस्तू भंगारात देतं का कुणी?

म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या यासीनभाईला बोलावलं. त्यानं झाकण काढलं आणि तो थिजलाच. 'शेठ... हे काय हो?'

गूळ! अठरा वर्षांचा गूळ, जाळीतून आत गळून गळून बसलेला, आणि त्यावर मुंग्यांचं अख्खं गाव! पांढरी अंडी, काळी फौज, येणं-जाणं चाललेलं. यासीनभाईनं हवेचा पंप उचलला. 'दोन फुंकरांत साफ करतो, शेठ.'

मी झेपच घातली त्याच्यावर! 'एक जीव मेला तर बघा!'

'शेठ, मनगट सोडा, मोडेल!'

'मोडू दे!'

तो तिकडे ओढतोय, मी इकडे ओढतोय, खुर्ची पालथी, बोल्टांचा डबा थेट त्याच्या पायावर, तो 'या अल्ला' म्हणून नाचतोय, नाचता नाचता त्याचं कोपर माझ्या नाकावर, मी पडता पडता धरली त्याची कॉलर... टर्रर्र! जीवदया करायला गेलो आणि चांगल्या माणसाचा सदरा फाडून बसलो! आणि मी शांत माणूस हो!

तेवढ्यात आमची दमयंती जिन्यावरून कडाडली, 'अहो, नातवंडांचे आजोबा ना तुम्ही? व्हा बाजूला दोघं!' तिनं लोकरीची मऊ पुंजणी आणली, जीव न दुखवता झाडायचा कुंचा, देरासरात, आमच्या देवळात, नेते तो. एकेक मुंगी हळूच कागदावर, कागद अंगणात लिंबाखाली, परत कागद, परत लिंब. तीन तास! यासीनभाई एक टांग वर धरून म्हणतो, 'भाभी, दुपारी एक ते चार अख्खं जामनगर घोरतंय, आणि मी इथे मुंग्यांना घरी सोडतोय.' त्यातल्या कितीएक माझ्या सदऱ्यातून घरी गेल्या, ते मलाच ठाऊक.

मग नवी रॅम आली, कार्ड आलं. 'दाबा शेठ, जोरात!' दाबलं. पत्र्याच्या कडेनं अंगठा असा उघडला, की रक्ताची धार थेट कुंकवावर! फडकं बांधलं, बटण दाबलं, आणि धडाम! आतला जुना विजेचा डबाच फुटला, जाळ निघाला, भुवई गेली ती तेव्हा. आणि मी... सांगायला लाज वाटते... मी लाथ घातली! लक्ष्मीला! लगेच वाकून नमस्कार केला, तर कपाळ तापलेल्या पत्र्याला चिकटलं! आणि मी शांत माणूस हो!

पण यासीनभाई मर्द. फाटक्या सदऱ्यानिशी जाऊन नवा डबा आणला, बसवला, आणि कॉम्प्युटर पळाला! मग आम्ही एकाच गाडीतून डॉक्टरकडे.

सातला हेतवी आली. खांद्यावर पिशवी तशीच. तिनं गेम लावला. राक्षसांचा. कुऱ्हाडी घेऊन धावत येतात मेले, आणि ही आपली मधोमध उभी! खच्चकन कापली गेली, पडदा लालभडक. परत उभी, परत मुंडकं उडालं. मी ओरडतोय, 'अगं मार ना! ते बटण दाब!'

'नाही दादा. मम्मी म्हणते, जीव मारायचा नाही.'

'मग नानांकडे काय केलंस?'

'तिकडे पण मीच मरत होते. नानांना म्हटलं तुम्ही मारा, तर ते हात जोडून डोळे मिटून बसले.' आणि मग, काय सांगू, हनुवटी माझ्या मांडीवर टेकून म्हणते, 'दादा, तुम्ही मारा ना. मी बघते. पाप तुम्हाला.'

मी तिच्याकडे बघितलं. पिशवीकडे बघितलं. आणि पहिल्याची मान उडवली!

'दादा, मागं बघा! पोटात घुसवा! अजून हलतोय तो, परत मारा!' पिशवी कधी खाली पडली कळलंही नाही. टाके घातलेल्या अंगठ्यानं मी कापत सुटलोय, हात, पाय, मुंडकी, आणि पोर टाळ्या पिटतेय. दमयंती चहा घेऊन आली, पडदा बघितला, आणि चहासकट परत गेली.

आज बारावा दिवस. पोर इथून हललेली नाही. नाना रोज फोन करून मऊ आवाजात विचारतात, 'व्याही, आज सामायिक झाली का?' म्हणजे आमची ध्यानाची बैठक! होईल त्यांना मोक्ष, जरूर होवो. मला कुठला आता? आठव्या पातळीवरचा तीन तोंडांचा अजून जिवंत आहे हो, आणि पोर दूध प्यायला गेलीय, येईपर्यंत दोन तरी तोंडं उडवायला सांगितलीत!